धूर मोजणारे आजोबा

माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. चौथीनंतर पेन धरलं ते किराण्याच्या यादीपुरतंच. पण धूरवाल्या आजोबांबद्दल मराठीत लिहील असं या गावात माझ्याशिवाय कुणी नाही.

आजोबा हिवाळ्यात रोज सकाळी गावभर चालत आणि छपरांवरचा धूर मोजत. कॅनडातल्या रेजिना शहरापासून दोन तासांवर, चहूकडे गव्हाची सपाट रानं आणि मध्ये हे एवढंसं गाव. ज्या घरात हीटर चालू, त्याच्या धुराड्यातून पांढरा लोट निघतो. "आज एकतीस," असं ते दुकानात येऊन सांगत. एक जरी कमी झाला तरी त्यांना चहा गोड लागत नसे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, पण माझ्या नातीचं, मीराचं ऐकून मलाच आजी म्हणत. त्यांचं इंग्रजी बोलणं मीराच मला मराठीत सांगायची.

आमच्या पहिल्या हिवाळ्यात बिल वाचवायला मी रात्री गुपचूप हीटर बंद केला. सकाळी आजोबा धापा टाकत दारात.

"गेलात की काय?"

"इथेच आहोत," मीरा म्हणाली. "आजीने सेव्हिंग केलं."

ते सरळ आत आले आणि नळ सोडून पाहिला. पाइप गोठला होता. माझ्या सुनेचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन ते दुपारपर्यंत सिंकखाली आडवे. "आजी, इथे बचत बटाट्यात करायची, हीटरमध्ये नाही," एवढंच बोलले.

माझा मुलगा सुनील गावातल्या एकुलत्या एक दुकानात कामाला होता. तिथेच पोस्ट, तिथेच पेट्रोल. दोन वर्षांनी मालकाने ते विकायला काढलं. घेणारं कुणी नाही. दुकान गेलं की माणसं जातात, मग शाळेची बसही येत नाही, हे आजोबांनी शेजारच्या गावांत पाहिलं होतं. सुनीलला टोरोंटोजवळच्या मार्कहॅमचा मित्र बोलवत होता. आजोबांनी घरोघर फिरून उसने पैसे जमवले, स्वतःचे घातले, आणि दुकान तूच घे म्हणून सुनीलसमोर ठेवले. बिनव्याजी.

गॅरेजवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "हे एक हिवाळा काढतील आणि टोरोंटोला पळतील."

"तुझे आजोबा आले तेव्हा लोक हेच म्हणाले होते," धूरवाले आजोबा म्हणाले. "सगळ्यात मोठ्याने माझेच आजोबा."

लोक हसले. गॅरेजवाल्यानेही पैसे दिले.

मला काउंटरमागे उभं त्यांनीच केलं. मी लाजून आत पळायची, तर ते घंटी वाजवत बसायचे. चपातीत बटाट्याची भाजी गुंडाळून विकायला लावली. पहिली स्वतः घेतली, तिखटाने डोळे पुसले आणि म्हणाले, "उद्या दोन." आता कापणीत शेतांवरून ऑर्डरी येतात. दोन रिकाम्या घरांत माणसं आली, त्यात नागपूरचं एक जोडपं. शाळेची बस अजून येते.

दुकान घेतल्यावर तिसऱ्या वर्षी आजोबा गेले. फेडायचे पैसे तेव्हा निम्मे बाकी होते.

सुनील म्हणाला, "आई, बँकेतून पाठवतो." मी म्हटलं, "हातात द्यायचे. त्यांनी आपल्यासाठी शब्द टाकला होता." या वसंतात मी दारोदार गेले. गॅरेजवाल्याने मान खाली घालून पाकीट घेतलं आणि मला खुर्ची दिली.

शेवटचा हिस्सा आजोबांचा. रेजिनात त्यांची मुलगी राहते, तिच्याकडे मीराला घेऊन गेले.

"बाबा म्हणायचे, कसली घाई नाही," ती म्हणाली.

"आम्हाला होती," मी म्हटलं. मीराने तिला सांगितलं.

तिने पाकीट न उघडताच टेबलावर ठेवलं. मी ते उघडलं, नोटा तिच्यासमोर मांडल्या. सगळे पैसे फिटले.