शून्यावरच्या खुणा

लष्करी इस्पितळाच्या नोंदणी खोलीत एक कारकून होता. गुडघा निकामी झाला म्हणून पलटणीतून त्याला इथे पाठवलं, त्याला आता अठरा वर्षं झाली होती. सगळे त्याला दौतराव म्हणायचे. बाकीच्या जगाला शाईच्या पेनाचा विसर पडून जमाना लोटला, पण याचं पेन काही सुटलं नव्हतं, आणि खिशावरचा निळा डागही. बायको म्हणायची, "धोब्यानं हात टेकले, मी अजून टेकले नाहीत, एवढंच."

माणूस मदतीला तत्पर होता. रजेचा अर्ज असो की बदलीचा, कुणी अडलं की दौतराव खुर्ची ओढायचा आणि लिहून द्यायचा. अर्जात काय लिहावं यापेक्षा काय लिहू नये, यात त्याचा हातखंडा. "सरकारी कागदाला पाय असतात," तो म्हणायचा, "आज इथे दिसतो, उद्या तुमच्या आधी साहेबाच्या टेबलावर पोचलेला असतो."

हे त्याचं नुसतं बोलणं नव्हतं. त्याच्या पलटणीतल्या एका दोस्तानं एकदा डॉक्टरला खरंखरं सांगितलं होतं, झोप येत नाही, जीव कशात लागत नाही. महिन्याभरात त्याची बंदूक काढून घेतली आणि त्याला कोठारात ब्लँकेटं मोजायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. दौतरावानं तेव्हाच कानाला खडा लावला.

अशात इस्पितळात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चौदा प्रश्नांचा एक कागद आणला होता. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात रस वाटेनासा झाला का, आपण असून नसून सारखेच असं वाटलं का. प्रत्येक प्रश्नापुढे शून्य ते तीन असे चार रकाने. शिपायानं स्वतःच खुणा करायच्या.

"कागद बाहेरच्या लोकांसाठी बनलाय," त्यांनी दौतरावाला समजावलं. "तिथे झोप लागत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय. आपल्याकडे झोप लागत नाही, कारण पहारा असतो. म्हणून आपल्या माणसांत हा कागद खरं बोलतो का, ते तपासायचंय. बारा किंवा त्याहून जास्त गुण आले त्या सगळ्यांशी मी तासभर बोलणार. कमी गुणवाल्यांपैकी दहातला एक चिठ्ठी टाकून बोलवणार. माझं मत आणि कागदाचं मत जुळलं, तर कागद चांगला."

"आणि माझं काम?"

"वाटायचे आणि गोळा करायचे. प्रश्न कळला नाही तर आहे तसा पुन्हा वाचून दाखवायचा. त्यापलीकडे एक शब्दही नाही, दौतराव. कागदावर नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. नावांची यादी माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे."

दौतरावानं मान डोलावली. पण आकड्यामागे नाव असतं आणि किल्ली हरवते, हे अठरा वर्षांत त्यानं पुरेपूर पाहिलं होतं.

इस्पितळाच्या जेवणाच्या हॉलमध्ये वीस-वीस जणांना बसवायचे. पहिल्याच दिवशी एका शिपायानं विचारलं, "दौतराव, हे कुठे जाणार?" दौतराव त्याच्याकडे वाकला. मग हळूच म्हणाला, "जपून लिहा. हात दाखवून अवलक्षण कशाला?" शिपाई हसला. शेजारचाही हसला. दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं नाही तरी तो रांगांमधून फिरताना पुटपुटायचा, "शून्य बरं असतं." त्याला वाटायचं, आपण पोरांच्या पाठीशी उभे आहोत.

तिसऱ्या आठवड्यात गाड्यांच्या विभागातला एक ड्रायव्हर आला. चाळिशीचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. कमी बोलणारा, पण दौतरावाशी त्याचं जमायचं, कारण मुलीच्या शाळेचे अर्ज दौतरावच लिहून द्यायचा. सगळे कागद देऊन निघून गेले, हा बसूनच होता. दौतराव मागे जाऊन उभा राहिला. शिसपेन्सिलीच्या खुणा दोनवर, तीनवर, पुन्हा तीनवर. शेवटच्या प्रश्नाशी पेन्सिल थांबली होती.

"खरं लिहू का?" ड्रायव्हरनं वर न बघता विचारलं.

दौतरावानं खांद्यावर हात ठेवला. "दोन वर्षं राहिलीत तुझी. गाडी काढून घेतील हातातली. मग मुलीला काय सांगशील? रबर देऊ का?"

ड्रायव्हरनं रबर घेतलं. चौदाच्या चौदा खुणा शून्यावर आल्या. खोडलेल्या जागा कागदावर मळकट दिसत होत्या. जाताना तो म्हणाला, "उपकार झाले."

चिठ्ठीत त्याचा आकडा निघाला नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई टेबलाशी येऊन बसल्या. चेहरा उतरलेला. "काही कळेना झालंय, दौतराव. दुसऱ्या छावणीत शंभरातल्या अकरा जणांना बारावर गुण आले. इथे शंभरात दोन. आणि कमी गुणांचे जे चिठ्ठीत निघाले, त्यातला एक माझ्यासमोर बसून ढसाढसा रडला. कागदावर सगळी शून्यं. दोनशे माणसांचं काम आहे हे. प्रश्नच चुकले असतील का?"

"इथली हवा चांगली आहे, मॅडम," दौतराव म्हणाला.

त्या थकल्यासारख्या हसल्या आणि गेल्या. तोंड उघडायला एवढी चांगली वेळ पुन्हा यायची नव्हती, हे दौतरावाला कळत होतं. उद्या सांगू, असं म्हणत त्यानं आठ दिवस काढले.

नवव्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, ड्रायव्हरनं गॅरेजमध्ये जीव द्यायचा प्रयत्न केला. अवजारं न्यायला आलेल्या मेकॅनिकच्या वेळीच लक्षात आलं. याच इस्पितळात आणलं. नोंदवहीत नाव लिहायची पाळी दौतरावावर आली. मोठ्या कष्टानं त्यानं ते लिहिलं आणि उठून सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"प्रश्न चुकलेले नाहीत, मॅडम. मी चुकलो." आणि त्यानं पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. रबरासकट.

त्यांनी समोरचा कागदांचा गठ्ठा बाजूला सरकवला. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"किती जणांना सांगितलंत?"

"मोजले नाहीत. सगळ्यांनाच, म्हणा."

"मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

याचं उत्तर त्याच्याजवळ होतं. पण ते अगदीच क्षुल्लक होतं: नोकरी जाईल, एवढंच.

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तुमचं वाक्य लोकांना पटलं, कारण ते पुरतं खोटं नव्हतं. ही चूक आमचीही आहे. पण त्याच्या कागदावर आकडा खरा आला असता, तर त्याच आठवड्यात तो माझ्यासमोर बसला असता. हे मी तुम्हाला सांगितलं नाही तर तेही खोटंच होईल."

"हो," दौतराव म्हणाला.

लेखी ठपका आला, त्या कामावरून त्याला काढलं. घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिनं ताट बाजूला सारलं. "तुम्ही भलं करायला गेलात, मान्य. पण त्या माणसानं तुम्हाला विचारलं होतं, खरं लिहू का. असं कुणी उगाच विचारतं का हो?" त्यानंतर ती या विषयावर कधी बोलली नाही.

दहा दिवसांनी भेटायची परवानगी मिळाली. ड्रायव्हर उशीला टेकून बसला होता. दौतरावानं रस्ताभर घोळवलेलं सगळं विसरून एवढंच म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"छे हो," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही बोलला नसतात तरी मी शून्यच लिहिणार होतो."

दौतरावानं त्या दोनवरच्या, तीनवरच्या खुणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. हा आपल्याला सोडवायला खोटं बोलतोय, आणि तेही या पलंगावरून, हे त्याला सहन होईना. "नाही," तो म्हणाला. "तू खरं लिहिलं होतंस. मी पुसायला लावलं."

ड्रायव्हरनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. लिहिलं होतं." आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं तसाच म्हणाला, "आता जा तुम्ही. पुढच्या आठवड्यात आलात तरी चालेल."

इथले दोनशे कागद बाद झाले. डॉक्टरीणबाईंनी वरपर्यंत भांडून लेखी हुकूम मिळवला, की उत्तरं पलटणीकडे जाणार नाहीत आणि उपचार घेतले म्हणून कुणाची बढती अडणार नाही. मग सगळं पुन्हा झालं. खोलीत एकेकटं बसून, बंद पेटीत कागद टाकून. या वेळी शंभरात तेरा निघाले, आणि कागदाचं नि डॉक्टरीणबाईंचं मत बरंचसं जुळलं. मर्यादा मात्र बारावरून दहावर आणावी लागली. आपली माणसं थोडं कमीच सांगतात, असं त्यांनी अहवालात लिहिलं.

ड्रायव्हरला सहा महिने गाडी मिळाली नाही. सातव्या महिन्यात मिळाली. दौतराव दर आठवड्याला त्याच्याकडे जायचा. दोघं मुलीच्या शाळेबद्दल बोलायचे, गाड्यांबद्दल बोलायचे. त्या दुपारबद्दल कधीच नाही. पण पहिल्या वेळी गोळा केलेल्या बाकीच्या शून्यांपैकी खरी किती होती, हे मात्र दौतरावाला कुणी सांगू शकलं नाही. गणवेशातलं कुणी रस्त्यात नुसतं हसलं, तरी तो त्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहायचा.