कप्तानाचं माप

आमच्या मावशीने अठ्ठावीस वर्षं अंतराळयानाच्या कप्तानाचे कपडे शिवले. यान खोटं, पुठ्ठ्याचं. कपडे मात्र खरे. त्या एका यानावर नऊ सिनेमे निघाले आणि नऊही सिनेमांत तेच सात नट. मला विचाराल तर पहिले दोन बरे, पुढचे ओढूनताणून. परग्रहावर जाऊनही भांडायचंच असेल तर एवढं लांब कशाला जायचं? पण मावशीसमोर हे बोलायची सोय नव्हती.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला तिची शिवणखोली होती. दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला सात खुंट्या, प्रत्येकीवर एकेक निळा गणवेश. नवा सिनेमा आला की मावशी शिवणी उसवायची, आत दुमडून ठेवलेली कापडाची माया सोडायची आणि कॉलरमधली मापाची चिठ्ठी मात्र पहिल्या सिनेमाचीच ठेवायची. सातही जणांची पोटं सुटली, चिठ्ठ्या तशाच राहिल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. कप्तान तर मावशीहून बारा वर्षांनी मोठा, तरी तिला मावशीच म्हणायचा.

नववा सिनेमा या सात जणांच्या निरोपाचा होता. पुढे यान तरुण मंडळींच्या हाती जाणार होतं. मावशीने अनुभवाच्या जोरावर माप घेण्याआधीच कप्तानाचा कोट दोन इंच सोडून ठेवला. तो आला, कोट चढवला, आणि कोट खांद्यावरून खाली घसरला.

"हल्ली फार चालतो मी," तो म्हणाला.

मावशीने टेप लावला. पुन्हा लावला. "चालून दंड बारीक होत नाहीत," ती म्हणाली.

तेव्हा तो स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी फार तर वर्षभराची मुदत दिली होती. शूटिंग दोन महिन्यांचं होतं. "सिनेमाच्या विमावाल्यांना कळलं तर मला घरी बसवतील आणि कप्तानाला पहिल्याच प्रसंगात मारून टाकतील. मावशी, मला या सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत उभं राहायचंय."

"मग आत्ता सरळ उभे राहा," मावशी म्हणाली. "माप नीट घेऊ द्या."

घरी येऊन ती माझ्या आईजवळ खूप रडली. त्याचं कारण तेव्हा आईलाही सांगितलं नाही; मलाही ते फार उशिरा कळलं. दुसऱ्या दिवशी तिने कापसाचे पातळ थर घालून एक बंडी शिवली. कोटाच्या आत ती घातली की कप्तान पूर्वीसारखा दिसायचा. दर आठवड्याला तो आणखी वाळायचा आणि मावशी आणखी एक थर घालायची. दोन महिने कुणाला सुगावा लागला नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी दिग्दर्शकाला लहर आली. सहा जणांनी कप्तानाला नुसता सलाम ठोकायचा होता, त्याऐवजी एकेकाने मिठी मारावी असं त्याने ठरवलं. मावशी हबकली. डोळ्यांना फसवता येतं, हातांना कसं फसवणार?

तालमीत पहिली पुढे झाली डॉक्टरीणबाई. यानावरची डॉक्टर ती, म्हणून तिला सगळे तेच म्हणायचे. तिचा हात त्याच्या पाठीवर गेला आणि तिथेच थांबला. दिग्दर्शकाला एवढी एक मिठी बघणं पुरे होतं; त्याने तालीम तिथेच थांबवली आणि खरा शॉट दुपारी घ्यायचं ठरलं.

अर्ध्या तासाने कप्तानाकडून त्याची बंडी मागून घेऊन डॉक्टरीणबाई शिवणखोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"मावशी, पाठीत कापूस कमी पडतोय," ती म्हणाली. "बाकीच्या पाच जणांच्या हाताला हाडं लागतील."

मावशीने कापूस काढला आणि सुईत दोरा ओवला.

"मलाही एक सुई दे. दोघींनी मिळून लवकर होईल."

दुपारी शॉट एका दमात झाला. पाचही जणांनी त्याला कडकडून मिठी मारली, पाठ थोपटली, हसले. डॉक्टरीणबाई सगळ्यांत शेवटी गेली आणि तिने तर त्याला जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

सिनेमा लागायच्या तीन आठवडे आधी कप्तान गेला. मी मावशीला घेऊन थिएटरात गेलो. निरोपाच्या प्रसंगाला आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते, खोटं कशाला बोलू, मीही पुसत होतो. मावशी मात्र ताठ बसून पडद्याकडे बघत होती.

"पाठ बघ कशी भरदार दिसतेय," ती मला हळूच म्हणाली.