धावपट्टीवरचा निळा झेंडा

"तुझे काका गेले गं... बूट घालता घालता गेले." शीलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला मोर्चाची पत्रकं घडी घालत बसले होते. मिलिंदकाका बाबांचे नागपूरचे मित्र, टेक्सासमधल्या प्लेनोत सॉफ्टवेअर इंजिनिअर. शोकसभेत तिथल्या मराठी मंडळाने त्यांचा विमानाशेजारचा फोटो हार घालून ठेवला. "उडण्याचा छंद पुढे त्यांनी सोडला," असं अध्यक्ष म्हणाले. सोडला? तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला, आणि घेणाऱ्यांना वाट करून देणारे त्या सभेत पहिल्या रांगेत बसले होते.

प्लेनोपासून चार-पाच तास पश्चिमेला, जिथे रेडिओसुद्धा खरखरायला लागतो, तिथे म्हाताऱ्या रॉयची गुरांची रँच होती. दक्षिणोत्तर मातीची धावपट्टी, पत्र्याची शेड, त्यात दोन माणसांचं जुनं विमान. रॉयनेच काकांना उडायला शिकवलं आणि स्वतःचे गुडघे गेल्यावर शेडची किल्ली देऊन टाकली. एका सुट्टीत काकांनी मला वर नेलं. उतरताना धावपट्टीवर गायी बसलेल्या. काकांनी विमान त्यांच्या डोक्यावरून अगदी खालून नेलं, गायी उधळल्या, मग दुसऱ्या फेरीत काका उतरले. "यष्टीचा ड्रायव्हर हॉर्न मारतो ना, तसंच हे," म्हणाले. ऑफिसात तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस तिथे मोठ्याने गाणी म्हणायचा.

न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यानंतरचा तो एप्रिल. आंबेडकर जयंतीला काकांनी धावपट्टीच्या खांबावर, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीच्या खाली, निळा झेंडा चढवला. दरवर्षी चढवायचे. त्या वर्षी शेजारच्या रँचवाल्याला तो दिसला. अनोळखी झेंडा, सावळा माणूस आणि विमान... शेरीफची गाडी आली. चौकशी झाली, काहीच निघालं नाही. पण पुढच्या शनिवारी फाटकाला साखळी होती. रॉय चिडलासुद्धा नाही. "तू भला माणूस आहेस. पण मला याच शेजाऱ्यांत मरायचंय," एवढंच म्हणाला.

काका मंडळाच्या बैठकीत गेले. मागणं किती साधं! "चार जण माझ्यासोबत चला. रॉयकडे चहा पिऊ, त्या शेजाऱ्याला झेंडा कुणाचा ते सांगू. एकट्याचं ऐकत नाहीत, यार." मग अध्यक्ष म्हणाले, "मिलिंदराव, आमची ग्रीन कार्डं अडकलीत. आणि झेंडा लावायची गरजच काय होती?" त्याच सुमारास यांच्या घरामागच्या पॅटिओवर गुढ्या उभ्या होत्या! काका उठता उठता म्हणाले, "तुमच्या काठीला काय बांधलंय, हे मी कधी विचारलं नाही." नंतर ते मंडळात गेले नाहीत. मंडळालाही त्यांची उणीव भासली नाही. भासली ती थेट हार घालताना.

विमान विकलं गेलं. तरी काका अधूनमधून ड्राइव्ह करत तिथे जायचे, फाटकाशी उभे राहून परत यायचे. गेल्या आठवड्यात काकूंना घेऊन मी गेले. धावपट्टीवर काटेरी झुडपं कमरेएवढी वाढलीत. शेडचा पत्रा उडालाय. खांबावर नळीचं नुसतं लोखंडी कडं उरलंय, वारा त्यातून आरपार जातो. काकू साखळीला हात लावून म्हणाल्या, "गंजली, पण तुटली नाही बघ..."

रोज सकाळी बूट घालताना काका दार उघडून समोरच्या घरावरचा अमेरिकन झेंडा बघायचे. त्या सप्टेंबरानंतर त्यांच्या गल्लीत घरोघरी ते झेंडे लागले होते, आणि त्यांची चौकशी करायला कुणाची गाडी आली नव्हती. काका त्यावरून वारा ओळखायचे. "दक्षिणेचा आहे. आज सरळ उतरता आलं असतं," म्हणायचे, आणि ऑफिसला जायचे.

परवा मी निघायच्या दिवशी काकूंनी सवयीने दार उघडलं. समोरचा झेंडा ताणला होता. मागे दाराशी काकांचे बूट तसेच, एकाची नाडी सुटलेली.

"दक्षिणेचा," काकू म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.