ताडपत्रीखालच्या खुर्च्या

आमच्या कॉलनीजवळच्या गार्डन हॉटेलात मालक जाधवकाकांनी वेताच्या नव्या खुर्च्या मांडल्या आहेत. काल आम्ही नवरा-बायको तिथे भजी खात होतो. अवेळीच आभाळ भरून आलं, तसे काका ताडपत्री घेऊन धावत आले.

“उठा, उठा! खुर्च्या भिजतील!”

“आणि आम्ही?” बायकोनं विचारलं.

“माणूस वाळतो हो वहिनी, वेत कुजतो!”

आम्ही बशा घेऊन उभे राहिलो. काकांनी खुर्च्यांवर ताडपत्री पांघरली, लेकराला झोपवावं तशा कडा खोचल्या. थेंब सुरू होताच आम्ही एक कड उचलून आत शिरलो आणि मुकाट्यानं खुर्च्यांवर बसलो.

काकांना हसायची आम्हाला सोय नव्हती. आमच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवलेत, आणि पाहुणे आले की बायको म्हणते, “साधेच काढा, हे फुटतील.” आपण जपत राहतो आणि वस्तू निवांत आपल्याहून जास्त जगतात.

तेवढ्यात कड वर झाली. काका चिंब भिजलेले. आता रागावणार, असं वाटलं. मी घाईनं म्हटलं, “या ना काका, बसा आत.”

“नको,” काका म्हणाले, “माझे कपडे ओले आहेत. खुर्ची खराब होईल.”