बाईच्या हातचे मांडे

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. अकोटजवळच्या खेड्यात ती राहते आणि शेतीचं सगळं स्वतः पाहते. अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा उपचारासाठी ती अकोल्याला, जठारपेठेत माझ्याकडे आली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि हे कोणी विसरू नये याची काळजीही घेतो.

डॉक्टरांनी सलाइनमधून द्यायचं एक औषध निवडलं. चरबीच्या अतिसूक्ष्म पुड्यांमध्ये भरलेलं, एकेक पुडी केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढी. नॅनोकण! मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बहीण पलंगावर, आणि मला उकळ्या. दुसऱ्या डोसच्या दिवशी नर्स सांगू लागली, "सर, आता काही दिवस ताईंच्या हातांना..." तिला मध्येच तोडून मी विचारलं, "या पुड्यांचं आवरण कशाचं असतं, माहीत आहे का तुम्हाला?" आणि तिलाच शिकवत बसलो. बिचारीनं शेवटी एक छापील कागद दिला. तो मी घडी करून खिशात टाकला. मास्तरानं काय कागद वाचायचा!

चौथ्या दिवशी अमरावतीहून माझ्या मुलीचे सासू-सासरे यायचे होते. व्याही वकील, बोलण्यात कोणाला हार जाणारे नाहीत. या खेपेला त्यांना गप्प करायचंच, असं माझ्या मनात होतं. मी म्हटलं, "बाई, मांडे करशील?"

"काहून नाई करनार? बसून बसून कटाया आला मले."

बायकोनं मला बाजूला ओढलं. "अवो, बरे आहा ना? परवा परवा डोस झाला त्याईचा. मी करतो पुरनाच्या पोया."

"तुले काय समजते त्यातलं?" मी खेकसलो. "हे औषध सरळ गाठीवर जाते. हाताचा न् त्याचा काय संबंध?"

मागच्या अंगणात चूल पेटली. तापलेल्या उपड्या खापरासमोर बाई बसली. पुरण भरलेला उंडा दोन्ही तळहातांवर फिरवत, थापत, कोपरापर्यंत मोठा करायचा, खापरावर टाकायचा आणि हातानंच उचलायचा. असे वीस-बावीस मांडे तिनं केले. आत मी व्याह्यांना नॅनोकण समजावत होतो. बाई दूध-तूप वाढायला आली तेव्हा म्हणालो, "बाई, जरा वळ. वेणी दाखव यांना. पाहा, एक केस गळला नाही!" ती वळली. हसलीसुद्धा. तळवे लालबुंद झाले होते. मला ते दिसले, पण चुलीची धग असेल म्हणून मी पुढं बोलत राहिलो.

दोन दिवसांत तळव्यांना फोड आले, मग सालपटं निघू लागली. तिला पाण्याचा गिलासही धरवेना. बायको तिला घास भरवायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही. तेव्हा कुठं मी तो कागद उघडला. हातापायांना उष्णता लागू देऊ नका, घासू नका, चुलीजवळ बसू नका. पहिल्याच ओळीत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथं अति शहाणा मी, आणि हात सोलले बाईचे.

डॉक्टरांनी तिचे हात उताणे करून पाहिले. त्या पुड्या रक्तात कितीतरी दिवस फिरत राहतात, म्हणाले, आणि उष्णता लागली, घासलं गेलं की तळव्यांच्या बारीक नसांतूनही औषध झिरपतं. "हे बरं झाल्याशिवाय पुढचा डोस देता येणार नाही. डोस लांबला की गाठीला मोकळीक मिळते, ताई. काय केलं तुम्ही?"

मी तोंड उघडण्याआधीच बाई म्हणाली, "मांडे केले जी, डाक्टरसाहेब. भाऊ नाई नाई म्हनत होता. मीच आयकलं नाई."

"एवढा शिकलेला भाऊ आहे, त्यांचं तरी ऐकायचं!" डॉक्टर तिला रागावले. चांगली पाच मिनिटं रागावले. ती मान खाली घालून ऐकत होती, आणि मी, नालायक, मान डोलवत होतो.

ऑटोत बसल्यावर मी म्हणालो, "बाई, मी परत जाऊन खरं सांगतो त्यांना."

"राहू दे न बा," ती फोडांवर फुंकर घालत म्हणाली. "मले त तेथं समदे पेशंटच म्हनतात. तुले सर म्हनतात."

दवाखान्याचं फाटक अजून मागं दिसत होतं. मी ऑटो वळवायला सांगितला नाही.