हात सैल होईना

दुसरी बांगडी माझ्या बोटांत तडकली, तेव्हा नवरदेवाची आत्या पदर सावरून पुढं सरकली.

"आबा, दोन वाढल्या. तिसरी वाढली तर मले घरी सांगा लागते. मंग लग्न राह्यते का मोडते, मी नाही सांगत."

लग्नघरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. केनवडचं घर, उद्या लग्न. मी कासार, हिरवा चुडा भरायला बोलावलेला.

माझी शाळा चौथी. पण नुसता हात पाहून साइज सांगतो, आणि साबण लावत नाही. साबण, प्लास्टिकची पिशवी ही नव्या पोरांची कामं. पंजा दाबायचा, अंगठा आत घ्यायचा. हात सैल पडला की काच आपोआप सरकते. हा हात लाकूड झालेला.

"ढिला सोड ना बाई."

"सोडून राह्यली न् आबा! हात ऐकतच नाही."

नवरी, सुषमा, अकोल्याला नर्सिंग शिकते. तिनं स्वतःच दुसऱ्या हातानं मनगट चोळून पाहिलं. फरक नाही. म्हणाली, "आपलाच हात असला की मेंदूले आधीच ठाऊक असते. मोजतच नाही तो."

"साबण लावा," आत्या म्हणाली.

"साबण तुमच्या गावच्या कासाराले सांगा."

मी सुषमाला विचारलं, "लहानपणी तुह्या डोक्याले तेल कोण लावे?"

"बाबा. आई नव्हती न्."

बाप मांडवात खुर्च्या लावत होता. मी त्याला बोलावलं, तर बायांत यायला लाजला. "मी काय करू इथं? पोरगी मोठी झाल्यापासून हात नाही लावला मी तिले."

"मंग लाव. कोपरापासून मनगटापर्यंत. हळू. बैल खाजवल्यासारखा नको."

बाया हसल्या. बापाचा खरबरीत तळवा सावकाश खाली यायचा, परत वर जायचा. सुषमाचा पंजा माझ्या हातात होता. बोटं एकेक करून सुटलेली मला कळली. अंगठा आत घेतला. काच सरकून मनगटात गेली. मग दोन्ही हातांचा चुडा भरला.

आत्यानं बांगड्या फिरवून पाहिल्या आणि आपला हात पुढं केला. "मलेही भरा."

सुषमानं नंतर मला समजावलं. कातडीत एक नस घाईची. काय लागलं, कुठं लागलं, ते झटक्यात सांगते. दुसरी सावकाश. कोमट हात हळू फिरला तरच ती जागते. तो हात आपल्या माणसाचा असला, की मेंदू अंग सैल सोडतो.

"म्हणजे चूक माह्या हाताची नव्हती," मी म्हणालो.

"नव्हती, आबा."

तेवढं पुरे. साबण मी अजूनही पेटीत ठेवत नाही. पण लग्नघरी पेटी उघडायच्या आधी विचारून घेतो, पोरीच्या डोक्याला तेल कोण लावायचं.