तानाबाईचा पदर

आमच्या शेजारच्या तानाबाईविषयी लिहावं असं पुष्कळ दिवस मनात आहे. सवय नाही, जमेल तसं लिहितो.

तिला फडकं, पिशवी, बटवा कधी लागलाच नाही. पदर होता. घराची किल्ली पदराच्या गाठीला, चुलीवरचा भाताचा गंज पदरानंच उतरवायचा, वावरातून येताना तुरीच्या शेंगा पदरात. नणंद वारली तेव्हा तिची पोरही हिनंच पदरात घेतली.

तानाबाईचा भाऊ बाबाराव उमरखेडला. मामाची पोरगी करायच्या रीतीनं त्याला आपली वैष्णवी तानाबाईच्या मुलाला, रजतला द्यायची होती. रजतनं आर्णीची अर्पिता पसंत केली. बाबाराव अंगणातूनच म्हणाला, "आपला पदर तुटला, बाई." चहासुद्धा घेतला नाही.

यंदा तिचा नवरा गेला. आमच्याकडे तेरवीला भाऊ माहेरचं लुगडं आणतो आणि विधवा बहिणीच्या डोक्यावर त्याचा पदर टाकतो. तुझ्यामागे आम्ही आहोत, असा त्याचा अर्थ. रजतनं मामाला स्वतः फोन केला होता. मामा फक्त "हो" म्हणाला होता.

दुपार झाली. तानाबाई भिंतीला टेकून रस्त्याकडे पाहत होती.

गल्लीतली हंसाबाई म्हणाली, "येईन वं तुहा भाऊ. यष्टी पंक्चर झाली असन."

"तो कायले यष्टीनं येते? गाडी हाय त्याच्यापाशी," तानाबाई म्हणाली.

उमरखेडची यष्टी आली, दोन पोरं उतरली, गेली. पंगत खोळंबली होती. रजतनं नवी साडी पुढं केली.

"माय, मी टाकतो ना."

"तुही साडी मले रोज चालते, बाप्पा. आज नाही."

ती उठली. पेटीतून एक विटकं लुगडं काढलं. तिच्या आईनं लग्नात दिलेलं, पदराला कसर लागलेलं. सगळ्यांच्या देखत तिनं ते आपल्याच हातानं डोक्यावर घेतलं.

"भाऊ नाही आला, त माय आली," एवढंच म्हणाली. हंसाबाईला रडू आवरेना. तानाबाई रडली नाही.

भावाचं नाव ती आता घेत नाही. पण उमरखेडची यष्टी फाट्यावर थांबली की हातातलं काम सोडते, पदराला हात पुसते आणि दारात येऊन उभी राहते. यष्टी निघून जाते. ती आत जाते. मी माझ्या ओट्यावरून पाहतो.